आधी मंजुरी की आधी दुरुस्ती? अमेरिकेच्या घटनेवरचा दहा महिन्यांचा वाद

१७ सप्टेंबर १७८७ रोजी फिलाडेल्फियात ३९ जणांनी नव्या घटनेच्या मसुद्याखाली सह्या केल्या. अमेरिकेच्या घटनेची गोष्ट बहुतेक ठिकाणी इथेच आटोपते. पण त्या दिवशी त्या कागदाला कायद्याने काडीचीही किंमत नव्हती. मसुदा लिहिणाऱ्यांच्या हातात तो लागू करणं नव्हतंच. ते १३ राज्यांनी ठरवायचं होतं, आणि त्यातली काही वजनदार राज्यं या मसुद्याकडे संशयाने बघत होती. पुढच्या दहा महिन्यांत किमान तीन राज्यांत ही घटना अगदी थोडक्या मतांनी तरली.

आपल्याला हे थोडं विचित्र वाटतं, कारण भारताची घटना संविधान सभेनेच लिहिली आणि २६ नोव्हेंबर १९४९ रोजी तिनेच ती स्वीकारली. अमेरिकेत लिहिणारे वेगळे आणि मंजूर करणारे वेगळे होते. एवढं ध्यानात ठेवलं की पुढचा सगळा गोंधळ समजायला सोपा जातो.

मुळात नव्या घटनेची गरज का पडली? १७८१ पासून ही १३ राज्यं ‘आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन’ नावाच्या कराराने बांधलेली होती. बांधलेली म्हणायचं, एवढंच. मध्यवर्ती काँग्रेसला, म्हणजे राज्यांच्या प्रतिनिधींच्या सभेला, कर बसवता येत नव्हता. ती राज्यांकडे पैसे मागायची आणि राज्यं जमेल तसे, वाटलं तर द्यायची. ब्रिटनविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धाचं कर्ज डोक्यावर, सैनिकांचे पगार थकलेले. बरं, करारात बदल करावा म्हटलं तर तेराच्या तेरा राज्यांची संमती हवी. आयात मालावर पाच टक्के जकात लावण्याचा साधा प्रस्ताव निघाला, तो एकट्या ऱ्होड आयलंडने अडवला. दुसऱ्या खेपेला न्यूयॉर्कने अडवला. मग १७८६ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम भागातले कर्जबाजारी शेतकरी डॅनियल शेज वगैरेंच्या मागे बंदुका घेऊन उभे राहिले, न्यायालयं बंद पाडू लागले, आणि पैसेवाल्यांच्या पोटात गोळा आला.

फिलाडेल्फियाची परिषद या पार्श्वभूमीवर भरली. तिला काँग्रेसने दिलेलं काम मर्यादित होतं: जुन्या करारात सुधारणा सुचवा. परिषदेने दारं-खिडक्या बंद करून जुना करार बाजूला ठेवला आणि नवी घटनाच लिहून काढली.

नियम मोडून नियम बनवणं

मसुद्याच्या शेवटी, सातव्या कलमात, एक वाक्य होतं: नऊ राज्यांच्या परिषदांनी मंजुरी दिली की त्या राज्यांपुरती घटना लागू होईल. या एका वाक्यात जुन्या कराराचे दोन नियम मोडले होते. तेरा राज्यांच्या एकमताऐवजी नऊ पुरेशी धरली. आणि मंजुरी राज्यांच्या विधिमंडळांकडून न घेता, केवळ त्या कामासाठी निवडून आलेल्या परिषदांकडून घ्यायची ठरवली.

विधिमंडळं टाळण्यामागे दोन कारणं होती. एक अगदी रोखठोक. नव्या घटनेने ज्यांचे अधिकार जाणार, त्यांनाच ‘तुमचे अधिकार काढू का’ असं विचारून काय मिळणार होतं? दुसरं जरा तात्त्विक. विधिमंडळाने मंजूर केलेली गोष्ट उद्याचं विधिमंडळ रद्द करू शकतं. लोकांनी खास निवडलेल्या परिषदेने मंजूर केलेली घटना मात्र विधिमंडळाच्या वर बसते.

हे बेकायदा होतं का? जुन्या कराराच्या अक्षराला धरून पाहिलं तर हो, असं माझं मत. मसुद्याच्या शिल्पकारांपैकी एक, व्हर्जिनियाचा जेम्स मॅडिसन, याचं यावरचं उत्तर असं, की एका राज्याच्या आडमुठेपणापायी बारा राज्यांचं नशीब टांगून ठेवणं हास्यास्पद आहे. राजकारण म्हणून उत्तर बिनतोड आहे. कायदा म्हणून लंगडं आहे, आणि विरोधकांनी ते बरोबर पकडलं.

घाई किती होती हे पेनसिल्व्हेनियात दिसलं. राज्याच्या सभेची मुदत संपत आली होती आणि घटनेच्या समर्थकांना तत्पूर्वी मंजुरी परिषदेची निवडणूक जाहीर करून हवी होती. घटनेचा मसुदा लोकांनी धड वाचलेलाही नाही, असं म्हणत विरोधी सभासद सभागृहात फिरकलेच नाहीत. कोरमला ४६ जण लागत होते, भरले ४४. दुसऱ्या दिवशी, २९ सप्टेंबरला, जमावाने दोन गैरहजर सभासदांना त्यांच्या मुक्कामाच्या जागेतून ओढत सभागृहात आणून बसवलं. त्यातला मॅककॅलमॉन्ट उठून म्हणाला, मला जबरदस्तीने आणलंय. गैरहजेरीचा जो काय पाच शिलिंग दंड असेल तो भरतो, मला जाऊ द्या. कुणी जाऊ दिलं नाही. ४६ भरले, ठराव पास झाला. १२ डिसेंबरला त्या राज्याच्या परिषदेने ४६ विरुद्ध २३ मतांनी घटना मंजूर केली. विरोधकांनी सुचवलेल्या दुरुस्त्या कामकाजाच्या नोंदवहीत घ्यायलाही बहुमताने नकार दिला. मग हरलेल्यांनी आपलं म्हणणं स्वतः छापून वाटलं, आणि ते राज्याराज्यांत पोचलं.

तोवर डेलावेअरने ७ डिसेंबरला एकमताने मंजुरी देऊन पहिला नंबर पटकावला होता. न्यू जर्सी आणि जॉर्जियाही एकमताने आली, कनेटिकट मोठ्या फरकाने. ही बहुतेक लहान किंवा अडचणीतली राज्यं. नव्या काँग्रेसच्या वरच्या सभागृहात, सिनेटमध्ये, लहानमोठ्या राज्यांना सारख्याच जागा मिळणार होत्या, आणि जॉर्जियाला सीमेवर संरक्षण हवं होतं. त्यांना हा सौदा फायद्याचा होता. खरी लढाई पुढे होती.

विरोधकांचं म्हणणं काय होतं?

समर्थकांनी ‘फेडरलिस्ट’ (संघराज्यवादी) हे नाव आधीच बळकावलं, त्यामुळे विरोधकांच्या वाट्याला ‘अँटी-फेडरलिस्ट’ आलं. नावातच नन्नाचा पाढा असल्याने ते नुसते अडवणूक करणारे वाटतात. त्यांचे आक्षेप वाचले तर तसं वाटत नाही.

पहिला आक्षेप आकाराचा. एवढ्या अवाढव्य मुलखावर एकच लोकसत्ताक सरकार चालू शकत नाही. ते लोकांपासून तुटेल आणि शेवटी धाक दाखवून राज्य करेल. दुसरा प्रतिनिधित्वाचा. काँग्रेसच्या खालच्या सभागृहात, पहिल्या प्रतिनिधिगृहात, जागा फक्त ६५. १७९० च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या ३९ लाखांच्या घरात भरली, त्यातले सुमारे सात लाख गुलाम. न्यूयॉर्कचा मेलँक्टन स्मिथ म्हणत होता, की इतक्या थोड्या जागा असतील तर श्रीमंत आणि नामवंतच निवडून येतील. मध्यम परिस्थितीतला शेतकरी तिथे दिसणारच नाही. आजही हा मुद्दा शिळा झालेला नाही. तिसरा आक्षेप कराचा: केंद्र थेट लोकांवर कर बसवणार, स्वतःची न्यायालयं आणि कायमची फौज ठेवणार, मग राज्यांकडे उरतं काय?

आणि चौथा, सगळ्यांना चटकन कळणारा: या घटनेत नागरिकांच्या हक्कांची सनद कुठे आहे?

हे विसरून राहून गेलं नव्हतं. सह्यांच्या पाच दिवस आधी व्हर्जिनियाच्या जॉर्ज मेसनने फिलाडेल्फियातच सनदेची सूचना मांडली होती. काही तासांत तयार होईल, असंही म्हणाला. एकाही राज्याने बाजूने मत दिलं नाही. उन्हाळाभर बसून सगळे कंटाळले होते, घरी जायचं होतं, हेही त्यामागचं एक कारण असावं. मेसनने सही केली नाही. एडमंड रँडॉल्फ आणि एल्ब्रिज गेरी यांनीही केली नाही.

फेडरलिस्टांचं उत्तर जेम्स विल्सनने ऑक्टोबरात दिलं आणि पुढे न्यूयॉर्कच्या अलेक्झांडर हॅमिल्टनने ते वाढवलं. केंद्राला जे अधिकार दिले तेवढेच त्याच्याकडे आहेत. छापखान्यांवर बंधन घालण्याचा अधिकार दिलेलाच नाही, मग ‘बंधन घालू नका’ असं कशाला लिहायचं? उलट काही हक्क लिहिले तर न लिहिलेले हक्क नाहीतच, असा अर्थ कुणी काढेल.

युक्तिवाद चतुर आहे, पण त्याला मोठं भोक आहे. मसुद्यात काही हक्क आधीच लिहिलेले होते. माणसाला बेकायदा डांबून ठेवलं तर न्यायालयात दाद मागायचा हक्क एरवी स्थगित करता येणार नाही, मागच्या तारखेपासून गुन्हा ठरवणारा कायदा करता येणार नाही, वगैरे. विरोधकांनी विचारलं: लिहायची गरजच नसेल तर हे का लिहिलं? आणि हे लिहिलं तर बाकीचं का नाही? यावर समाधानकारक उत्तर फेडरलिस्टांना कधीच देता आलं नाही. फेडरलिस्टांचे ‘पब्लियस’ या टोपणनावाचे ८५ लेख (हॅमिल्टन, मॅडिसन आणि जॉन जे यांचे) आज फार नावाजले जातात. या एका मुद्द्यावर मात्र ‘ब्रूटस’ या नावाने लिहिणारा विरोधक मला वरचढ वाटतो.

क्रमाचा प्रश्न

इथवर आलं की वाद ‘घटना हवी की नको’ असा राहत नाही. जुना करार चालत नाही हे बहुतेक विरोधकांनाही मान्य होतं, आणि मसुद्यात उणिवा आहेत हे बऱ्याच समर्थकांनाही. भांडण उरलं क्रमाचं. आधी दुरुस्त्या करून मग मंजुरी द्यायची, की आधी मंजुरी देऊन मग दुरुस्त्या करायच्या?

‘आधी सही करा, बदल काय ते नंतर बघू’ असं कुणी म्हणालं की शहाणा माणूस पेन खाली ठेवतो. विरोधकांची भीती नेमकी तीच होती. मंजुरी हा त्यांच्या हातातला एकच पत्ता होता. तो टाकला की नंतर कोण विचारतो? फेडरलिस्टांची भीती उलटी. प्रत्येक राज्याने आपापल्या दुरुस्त्यांची अट घातली तर तेरा वेगवेगळ्या घटना मंजूर होतील. त्या जुळवायला दुसरी परिषद भरवावी लागेल, आणि पहिल्या परिषदेत मोठ्या मुश्किलीने जमलेल्या तडजोडी उसवतील. दोघांचीही भीती खरी होती, म्हणून तर तिढा सुटत नव्हता.

तो सुटला मॅसॅच्युसेट्समध्ये. जानेवारी १७८८ मध्ये बोस्टनला साडेतीनशेच्या वर प्रतिनिधी जमले. शेजचं बंड नुकतंच शमलं होतं, आणि पश्चिमेकडच्या गावांतून आलेल्यांत त्या बंडाबद्दल सहानुभूती असलेले कितीतरी होते. एमोस सिंगलट्री नावाच्या प्रतिनिधीने उभं राहून सांगितलं, की हे वकील, शिकलेले आणि पैसेवाले लोक गोड गोड बोलून आम्हा अडाण्यांच्या गळी हे उतरवू पाहताहेत. सगळी सत्ता आणि पैसा हातात आला की आम्हा लहान माणसांना ते गिळून टाकतील. त्याला उत्तर द्यायला वकील उठला नाही. जोनाथन स्मिथ नावाचा शेतकरी उठला. मी नांगरावर पोट भरणारा साधा माणूस आहे, असं म्हणत त्याने सांगितलं, की बंडाच्या काळात आमच्या भागात काय अंदाधुंदी होती ती मी डोळ्यांनी पाहिली आहे, आणि ही घटना वाचल्यावर त्या रोगावरचा इलाज मला हिच्यात दिसला. मी ती स्वतः वाचली, त्यासाठी कुठल्या वकिलाकडे गेलो नाही, असंही त्याने ऐकवलं. या वादातलं माझं सगळ्यात आवडतं भाषण हेच.

तरी मतांची बेरीज जमत नव्हती. परिषदेचा अध्यक्ष गव्हर्नर जॉन हॅनकॉक संधिवाताचं कारण सांगून घरीच होता. कौल कुठे झुकतो ते बघत बसलाय, असं लोक म्हणत. फेडरलिस्ट त्याला जाऊन भेटले. गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत मदत, शिवाय नव्या सरकारात मोठं पद, असं काहीबाही आमिष दाखवल्याची तेव्हा बोलवा होती. ३१ जानेवारीला हॅनकॉक परिषदेत आला आणि त्याने नऊ दुरुस्त्या वाचून दाखवल्या. त्या मुळात फेडरलिस्टांनीच लिहून दिल्या होत्या. प्रस्ताव असा: घटना बिनशर्त मंजूर करायची, आणि सोबत या नऊ दुरुस्त्यांची शिफारस करायची. अट नाही, शिफारस. सॅम्युएल अ‍ॅडम्ससारखा काठावरचा माणूस त्यावर वळला. ६ फेब्रुवारीला १८७ विरुद्ध १६८ मतांनी मंजुरी मिळाली. दहा जण पलटले असते तर ठराव पडला असता. मतदानानंतर हरलेल्यांपैकी काही जण उठले आणि म्हणाले, आम्ही हरलो, पण वाद मोकळेपणाने झाला. आता गावी जाऊन लोकांना समजावू.

ही युक्ती इतकी लागू पडली, की त्यानंतर आलेल्या सात राज्यांपैकी मेरीलँड सोडून सगळ्यांनी मंजुरीसोबत दुरुस्त्यांची यादी जोडली. न्यू हॅम्पशरमध्ये फेब्रुवारीत हरण्याची चिन्हं दिसताच फेडरलिस्टांनी मत न घेता परिषद तहकूब केली होती. २१ जूनला तिथे ५७ विरुद्ध ४७ असा निकाल लागला आणि नववं राज्य मिळालं. सातव्या कलमानुसार घटना लागू व्हायला आता हरकत नव्हती.

पण व्हर्जिनिया आणि न्यूयॉर्क बाहेर राहिली असती तर या देशाला अर्थ काय होता? व्हर्जिनिया सगळ्यात मोठं राज्य, आणि न्यूयॉर्क नकाशावर मधोमध.

व्हर्जिनियात पॅट्रिक हेन्रीसारखा वक्ता विरोधात होता. घटनेची सुरुवात ‘आम्ही लोक’ अशी करायचा अधिकार यांना दिला कुणी, ‘आम्ही राज्यं’ का नाही, असा त्याचा सवाल. समोर मॅडिसन. आवाज इतका हळू, की कामकाज टिपून घेणाऱ्याला मधेमधे ऐकू येईना. सही नाकारणारा रँडॉल्फ इथे समर्थक म्हणून उभा राहिला. आठ राज्यांनी मंजुरी दिली आहे, आता दुरुस्तीची अट घालणं म्हणजे देश मोडणं, असं त्याचं म्हणणं. ‘आधी दुरुस्त्या’ हा ठराव ८८ विरुद्ध ८० मतांनी पडला आणि २५ जूनला घटना ८९ विरुद्ध ७९ मतांनी मंजूर झाली. सोबत ४० दुरुस्त्यांची शिफारस होती.

न्यूयॉर्कच्या परिषदेत तर विरोधक दुपटीहून जास्त होते. व्हर्जिनियाची बातमी आल्यावर त्यांच्या पायाखालची वाळू सरकली, कारण आता प्रश्न देश व्हावा की नाही हा राहिला नाही. आपण त्याच्या बाहेर राहायचं का, एवढाच उरला. त्यांनी मधला मार्ग काढला: ठराविक मुदतीत दुरुस्त्या झाल्या नाहीत तर बाहेर पडण्याचा हक्क राखून मंजुरी द्यायची. हॅमिल्टनने मॅडिसनला पत्राने विचारलं, हे चालेल का? मॅडिसनने कळवलं, नाही. मंजुरी पूर्ण आणि कायमचीच हवी, नाहीतर न्यूयॉर्क संघराज्याचा सभासद ठरत नाही. अखेर ठरावातलं ‘या अटीवर’ काढून ‘या पूर्ण विश्वासाने’ असं घातलं गेलं. मेलँक्टन स्मिथने बाजूने मत दिलं. २६ जुलैला ३० विरुद्ध २७. मोबदला म्हणून सगळ्या राज्यांना एक परिपत्रक गेलं: दुरुस्त्यांसाठी दुसरी परिषद बोलवा.

नॉर्थ कॅरोलिना आणि ऱ्होड आयलंड बाहेरच राहिली. ऱ्होड आयलंडने परिषद न भरवता सरळ जनमत घेतलं होतं. फेडरलिस्टांनी बहिष्कार टाकला आणि घटना प्रचंड फरकाने आपटली. वॉशिंग्टन अध्यक्ष होऊन वर्ष उलटलं तेव्हा कुठे, मे १७९० मध्ये, तिथल्या परिषदेने ३४ विरुद्ध ३२ मतांनी होकार दिला.

या सगळ्यात ‘लोक’ म्हणजे कोण, हेही सांगितलं पाहिजे. मतदार जवळजवळ सगळे गोरे पुरुष, बहुतेक राज्यांत थोडीफार मालमत्ता असलेले. गुलामांच्या व्यापाराला १८०८ पर्यंत हात लावायचा नाही हे कलम तर दुरुस्तीच्याही पलीकडे ठेवलेलं होतं. मेसनने त्या व्यापारावर कडक टीका केली, आणि तो स्वतः मोठा गुलाममालक होता.

शब्द पाळला, पण कोणता?

नव्या घटनेचं पाचवं कलम दुरुस्तीचं. काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांनी दोन तृतीयांश मतांनी दुरुस्ती सुचवायची, किंवा दोन तृतीयांश राज्यांनी मागणी केली तर त्यासाठी परिषद भरवायची. कुठल्याही वाटेने आली तरी तीन चतुर्थांश राज्यांची मंजुरी हवी. जुन्या एकमतापेक्षा सोपं, साध्या कायद्यापेक्षा कितीतरी अवघड.

मॅडिसनला हक्कांच्या सनदेचं फार प्रेम नव्हतं. चर्मपत्रावरच्या भिंती बहुमताला अडवत नाहीत, असं तो म्हणायचा. पॅरिसहून त्याचा मित्र थॉमस जेफरसन त्याला पत्रं लिहून पटवत होता. पण त्याचं मन वळवलं ते बहुधा निवडणुकीने. हेन्रीने त्याला सिनेटवर जाऊ दिलं नाही. प्रतिनिधिगृहासाठी जेम्स मन्रोसारखा उमेदवार समोर आला. मतदारसंघातल्या बॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांना धर्मस्वातंत्र्याची लेखी हमी हवी होती. मॅडिसनने दुरुस्त्यांचं वचन दिलं आणि १,३०८ विरुद्ध ९७२ मतांनी निवडून आला.

८ जून १७८९ रोजी त्याने दुरुस्त्या मांडल्या तेव्हा सभागृह वैतागलं. सरकारच्या तिजोरीत पैसा यायचाय अजून, आणि हे काय काढलंय? त्याच्याच पक्षाच्या लोकांना घाई नव्हती. त्याने नेट सोडला नाही. प्रतिनिधिगृहाने १७ दुरुस्त्या पास केल्या, सिनेटने त्या १२ वर आणल्या आणि २५ सप्टेंबरला त्या राज्यांकडे गेल्या. १५ डिसेंबर १७९१ रोजी व्हर्जिनियाच्या होकाराने त्यातल्या दहा लागू झाल्या. ‘बिल ऑफ राइट्स’ म्हणतात ते हेच.

मग विरोधक जिंकले का? त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना तसं वाटलं नाही. राज्यांनी पाठवलेल्या सूचनांमध्ये केंद्राच्या करवसुलीवर, फौजेवर, न्यायालयांवर लगाम घालणाऱ्या सूचना होत्या. मॅडिसनने हक्कांच्या सूचना उचलल्या आणि सत्तेचा सांगाडा बदलणाऱ्या बहुतेक सगळ्या टाळल्या. साउथ कॅरोलिनाच्या एडेनस बर्कने त्या दुरुस्त्यांना नुसता फेस आणि हवा म्हटलं. दुसरीकडे मॅडिसनलाही सगळं मिळालं नाही. राज्य सरकारांनीसुद्धा विवेकस्वातंत्र्य, छपाईचं स्वातंत्र्य आणि ज्यूरीपुढच्या खटल्याचा हक्क मोडू नये, ही त्याची लाडकी दुरुस्ती सिनेटने उडवली. राज्यांवर तसा लगाम यायला यादवी युद्ध, १८६८ ची चौदावी दुरुस्ती आणि विसाव्या शतकातले न्यायालयीन निकाल लागले. मंजूर न झालेल्या दोनांपैकी एक, काँग्रेसच्या सभासदांच्या मानधनाबद्दलची, १९९२ मध्ये सत्ताविसावी दुरुस्ती म्हणून लागू झाली.

दुसऱ्या परिषदेची मागणी मात्र मॅडिसनच्या या खेळीने विझली. व्हर्जिनिया आणि न्यूयॉर्क या दोन्ही राज्यांनी तसे रीतसर अर्ज केले होते, पण हक्क मिळतायत म्हटल्यावर बाकीच्यांना त्यात रस उरला नाही. पाचव्या कलमातली ती वाट अजून घटनेत आहे. आजवर झालेल्या सत्तावीसच्या सत्तावीस दुरुस्त्या काँग्रेसमधून आल्या.